बेताच्या पैशांत जुना टीएलआर कॅमेरा निवडताना

दोन भिंगांचा जुना टीएलआर (ट्विन-लेन्स रिफ्लेक्स) कॅमेरा, म्हणजे वरच्या भिंगातून आरशाच्या मदतीने पाहायचे आणि खालच्या भिंगाने फोटो काढायचा असा कॅमेरा, घ्यायचा म्हटले की पहिले नाव रोलायफ्लेक्सचे निघते. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे १९२९ पासून तयार होऊ लागलेल्या या कॅमेऱ्याच्या दर्जाबद्दल दुमत नाही. परंतु पैसा बेताचा असेल तर त्या नावामागे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सगळी पुंजी कॅमेऱ्यातच गेली तर सर्व्हिसिंग आणि फिल्मसाठी काहीच उरत नाही, आणि या कॅमेऱ्यांत लागणाऱ्या १२० क्रमांकाच्या रुंद फिल्मच्या एका रोलवर सहा बाय सहा सेंटीमीटरच्या बाराच फ्रेम निघतात.

त्यानंतर बहुतेकांची नजर १९७० साली आलेल्या याशिका-मॅट १२४जी वर जाते. कॅमेरा चांगलाच आहे, पण त्याच्या चढ्या किमतीत प्रकाशमापकाचाही वाटा असतो, आणि तो मापक ज्या १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालत असे, तो आता बनत नाही. शिवाय आपल्या खानदेशच्या उन्हात मीटरवाचून फारसे अडतही नाही. आभाळ स्वच्छ असले की शंभर आयएसओच्या (प्रकाशसंवेदनशीलतेच्या) फिल्मला भिंगाचे छिद्र एफ १६ आणि शटरचा वेग १/१२५ सेकंद हे माप हमखास लागू पडते. याच हिशोबाने भर उन्हात १/५०० पर्यंत जाणाऱ्या शटरवर भिंग एफ ८ पर्यंत उघडता येते, तर १/२५० वर थांबणाऱ्या लुबितेल या सोव्हिएत टीएलआरवर ते एफ ११ पेक्षा जास्त उघडता येत नाही. एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे, आणि मागचे तितके धूसर. केळीच्या बागेत उभ्या शेतकऱ्यामागची पाने धूसर हवी असतील, तर हा फरक चांगलाच जाणवतो.

म्हणून माझी पसंती याशिका-डी किंवा रोलायकॉर्डला आहे. दोन्हींत फिल्म हँडलऐवजी गोल नॉबने पुढे सरकते आणि शटर प्रत्येक फोटोआधी वेगळे चढवावे (ताणून तयार करावे) लागते. काम थोडे सावकाश होते, पण यंत्रणा साधी राहते. याशिका-डीच्या खालच्या भिंगावर ‘याशिनॉन’ आणि रोलायकॉर्डच्या भिंगावर ‘झेनार’ असे कोरलेले असेल, तर ते चार काचांचे, म्हणजे अधिक सरस, आहे असे समजावे. याशिकॉर आणि ट्रायोटार तीन काचांची असतात. मिनोल्टा ऑटोकॉर्डचे भिंग अप्रतिम आहे, मात्र फोकसचा खालचा दांडा घट्ट झालेला असताना जोर लावला तर तो तुटतो.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा आधी दात पाहतो, तसे इथे आधी शटर पाहावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो. वर्षानुवर्षे पत्र्याखालच्या पेटीत पडलेल्या कॅमेऱ्यातील ग्रीस पातळ होऊन त्याचे तेल शटरच्या पात्यांवर उतरते. शटर एक सेकंदावर लावून कळ दाबली की आतल्या चक्रांची बारीक, एकसारखी किरकिर ऐकू यावी; ती मध्येच अडखळली किंवा पाती उघडीच राहिली, तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरावा. सेल्फ-टायमरचा खटका मात्र तपासण्यापुरताही ओढू नये, कारण जुन्या शटरमध्ये तो अडकला की सगळेच थांबते.

मग मागचे दार उघडून शटर ‘बी’ वर (कळ दाबून ठेवेपर्यंत उघडे राहते त्या खुणेवर) धरावे आणि टॉर्चच्या उजेडात खालच्या भिंगात बुरशीचे जाळे दिसते का, ते पाहावे. शक्य असल्यास फिल्मच्या जागी घासलेल्या काचेचा तुकडा, घासलेली बाजू भिंगाकडे करून, बसवावा आणि दूरच्या टॉवरवर फोकस करून वरच्या व खालच्या प्रतिमा एकाच वेळी स्पष्ट होतात का, याची खात्री करावी. कोणीतरी अर्धवट दुरुस्त केलेल्या कॅमेऱ्यात नेमके हेच बिघडलेले असते, आणि बाहेरून ते कळत नाही.

वरच्या भिंगातील थोडी बुरशी, उखडलेले चामडे किंवा अंधूक झालेला आरसा यांमुळे छायाचित्राला धक्का लागत नाही. जुन्या स्टुडिओतून कॅमेरा घेताना या खुणा दाखवून किंमत कमी करून मागण्यात काहीही गैर नाही.