टोपली साजरी आली

भिवापूर तालुक्यातल्या आमच्या वावराच्या धुऱ्यावर एक मोहाचं झाड आहे. २०१९ पासून मी दर महिन्याला त्याचा एक फोटो काढतो. जागा हलू नये म्हणून दगड गाडून ठेवलाय.

बाबा गेले त्या वर्षी हे सुरू झालं. याच झाडाच्या बुंध्याला टेकून उभा असलेला त्यांचा एकच फोटो घरात आहे, १९८३ चा, रंगीत. आता तो पार लाल झालाय. अल्बमच्या अंधारात ठेवला तरी त्या काळच्या प्रिंटमधला निळसर रंग आधी विरतो आणि तांबूस तेवढं मागे उरतं. बाबांचं धोतर गुलाबी दिसतं. माय म्हणते, "धुळवडीचा असन." मी तिला दुरुस्त करत नाही.

फोटो एकापुढे एक मांडले की झाड हलायला लागतं. फाल्गुनात पानं झडून नुसता सांगाडा, मग फुलं, फुलांमागून तांबडी कोवळी पालवी, पावसाच्या तोंडाशी टोळ, म्हणजे मोहाची फळं. बुंध्याशी जमीन काळी आहे, सुरुवातीच्या फोटोंमध्ये जास्तच. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून आम्हीही पालापाचोळा पेटवायचो. अशाच आगी पुढे रानात शिरतात. आता माय खराट्यानं झाडून घेते, आणि तो काळा डाग वर्षागणिक फिका होत चाललाय. हे मला समोर उभं राहून कधी दिसलं नव्हतं.

पहिली दोन-तीन वर्षं मी सगळ्यांना बाजूला व्हायला सांगायचो. मायलासुद्धा. मला नुसतं झाड हवं होतं. का, ते आज नीट सांगता येत नाही. बहुतेक तिथे बाबांशिवाय दुसरं कोणी उभं राहिलेलं मला चालत नव्हतं.

यंदा चैत्रात पहाटे गेलो. मोह रात्रभर गळतो, ऊन चढायच्या आत वेचावा लागतो. माय आधीच वाकलेली होती. तिला थांबवलं नाही. उजेड कमी, म्हणून शटर आठ सेकंद उघडं ठेवलं.

१८३८ मध्ये, फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीच्या काळात, दागेर या फ्रेंच माणसानं पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो काढला होता. गजबजलेला रस्ता, पण एक्स्पोजर काही मिनिटांचं, त्यामुळे चालणारं कोणीच उमटलं नाही. बुटाला पॉलिश करून घेत थांबलेला एक माणूस मात्र राहिला. माझ्या फोटोतही तसंच झालं. माय म्हणजे झाडाखाली फिरलेला एक फिकट पट्टा. तिच्या लुगड्याचा हिरवा रंग पाचोळ्यावर पुसल्यासारखा. टोपली मात्र लख्ख, तिच्यातलं फूल न् फूल मोजता येईल इतकी.

फोन तिच्यापुढे धरला. तिनं बोटानं मोठं करून पाहिलं.

"मी कुठी हाओ यात?"

मी तो हिरवा पट्टा दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली.

"टोपली साजरी आली," ती म्हणाली. मग बाबा जिथे टेकले होते, तिथे बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. "आता काढ. हालत नाई मी."