मावशी गावी गेल्या आणि फडकं माझ्या हाती आलं

फेब्रुवारीत मावशी म्हणाल्या, "दादा, महिनाअखेरीला मी गावाकडं चालले. सुनेला दिवस गेलेत. आता परत काय येणं व्हायचं नाही." नऊ वर्षं त्या आमच्याकडे केर-फरशी आणि भांडी करत होत्या. बायको सकाळी साडेआठला बाहेर पडते ती सातला येते, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, लेक नववीत. घरून काम करणारा मी एकटाच. नवीन बाई मिळेपर्यंत बघू, असं म्हणत फडकं हातात घेतलं. सात महिने झाले, ते अजून माझ्याच हातात आहे.

आमचं घर सिंहगड रस्त्यावर, तीस-एक वर्षं जुन्या सोसायटीत, दोन बेडरूमचं. रस्त्याकडेच्या खिडक्यांतून धूळ येते आणि उन्हाळ्यात नळाला बोअरचं पाणी मिसळलेलं असतं. पहिले दोन आठवडे मी रोज दीड तास राबत होतो. पाठ धरली, मीटिंगला घामेजलेला बसायचो, आणि घर काही मावशींच्या वेळेसारखं दिसेना. मग एक दिवस चिडून फोनवर स्टॉपवॉच लावलं. अख्ख्या घराचा केर काढायला प्रत्यक्षात लागली बारा मिनिटं. उरलेला वेळ खुर्च्या सरकवणं, चपला उचलणं, चार्जरच्या वायरी सोडवणं, रद्दीचा गठ्ठा इकडून तिकडे करणं यात जात होता. म्हणजे मी साफसफाई कमी आणि हमाली जास्त करत होतो.

म्हणून पहिलं काम केलं ते जमिनीवरच्या वस्तू उचलायचं. वायरींचा बोर्ड टेबलाच्या पायाला बांधून टाकला. रद्दी पंधरा दिवसांऐवजी दर रविवारी खाली. आणि ती एक खुर्ची, जिच्यावर 'एकदा घातलेले पण धुवायचे नाहीत' असे कपडे साठतात, ती गच्चीवर नेऊन ठेवली. दोन दिवसांत तो ढीग पलंगावर आला! खुर्ची काढून कपडे थोडेच जाणार होते. शेवटी बेडरूमच्या दाराआड पाच हुक ठोकले, माणशी एक आणि एक जास्तीचा. ढीग बंद झाला.

शोकेस हा वेगळा विषय आहे. लग्नात आणि वास्तुशांतीला मिळालेले अकरा गणपती, फोटोफ्रेमा, काचेचे हंस. प्रत्येक वस्तू उचला, पुसा, जागेवर ठेवा, यात पाऊण तास जातो आणि आठ दिवसांत धूळ पुन्हा हजर. आईने दोन गणपती बाहेर ठेवू दिले, बाकीचे कापडात गुंडाळून पेटीत गेले. हंस लेकीच्या मैत्रिणीने नेले. आता वरचा कप्पा एका हातासरशी पुसून होतो.

धुळीचं म्हणाल तर ती आत आल्यावर काढण्यापेक्षा दारात अडवणं सोपं. बाहेर काथ्याचं खरखरीत पायपुसणं, आत सुती. काथ्याचं माती खरवडतं, सुती उरलेलं टिपतं. दोन्ही रोज गॅलरीच्या बाहेर झटकायची नाहीत, खालच्या काकू वर बघतात. मी ती आठवड्यातून एकदा गच्चीवर नेऊन आपटतो. पंख्यासाठी जुना अभ्रा वापरतो. पात्यावर अभ्रा चढवायचा आणि दाबून बाहेर ओढायचा, सगळी काजळी अभ्र्याच्या आत. हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी स्टुलावर उभा राहून ओलं फडकं फिरवायचो आणि तो काळा चिखल पलंगावर पाडायचो. पंखे आधी, फरशी शेवटी, हा क्रम चुकवला की काम दुप्पट.

एप्रिलमध्ये मी ओट्याची वाट लावली. आमचा ओटा कडाप्प्याचा. मोबाईलवर कुठेतरी पाहिलं होतं की खाण्याचा सोडा टाकून वर व्हिनेगर ओतलं की सगळी घाण निघते. ओतलं. मस्त फेस आला, फेस बघून मलाच समाधान वाटलं. दहा मिनिटांनी पुसलं तर गॅसच्या डाव्या बाजूला काळ्याभोर दगडावर एक राखाडी, निस्तेज डाग. हात फिरवला तर तिथे दगड जरा खरखरीत लागत होता. आई काठी टेकत आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "अरे, चिंचेचं पातेलंसुद्धा आम्ही ओट्यावर ठेवत नव्हतो. आंबट लागलं की दगड खातं."

तिचं बरोबर होतं. कडाप्पा आणि शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड, संगमरवरही त्याच जातीचा. आम्ल लागलं की तो विरघळतो. ग्रॅनाइटचा ओटा असता तर असं झालं नसतं. आणि दुसरी गोष्ट, सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की ते एकमेकांनाच मारतात. फेस निघून गेला की उरतं जवळजवळ खारट पाणी, त्याने काही खास घासलं जात नाही. वापरायचे तर वेगवेगळे, आणि योग्य ठिकाणी. डागावर खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की तो दोन दिवस लपतो. पाहुणे येणार असले की मी एवढंच करतो.

आता ओट्यासाठी फक्त भांड्यांचं लिक्विड, दोन थेंब, कोमट पाणी. तेलाच्या शिंतोड्यांचं गणित मात्र वेळेचं आहे. फोडणीचं तेल ताजं असेल तर एका फडक्यात जातं. तेच आठ दिवस टाइल्सवर राहिलं की हवा लागून हळूहळू घट्ट, चिकट होतं, वर धूळ बसते आणि मग तारेची घासणी घेऊन बसा. म्हणून शेगडी कोमट असतानाच, जेवायला बसायच्या आधी, मागच्या टाइल्स आणि शेगडी पुसतो. मोजून अडीच मिनिटं. जेवल्यावर पुसू म्हटलं की ते उद्यावर जातं, हा माझा अनुभव. फोडणीवर धरायला एक जाळीचं झाकण आणलंय, तेही उपयोगी पडलं. कपाटांच्या वरच्या भागाला, जिथे कोणाचा हात पोचत नाही, मी वर्तमानपत्र अंथरलंय. दोन-तीन महिन्यांनी घडी करून टाकायचं, नवीन घालायचं. घासायचा प्रश्नच नाही. बायकोच्या मते हे दिसायला गावठी आहे. वरून बघायला कोण जातंय?

मे महिन्यात बाथरूमने छळलं. बोअरचं पाणी जड, नळांवर आणि बादलीच्या कडेला पांढरा थर. मी पावडर लावून घासत होतो, नळाला ओरखडे पडत होते, थर जागच्या जागी. हा थर म्हणजे क्षार, तो घासण्यापेक्षा विरघळवावा लागतो. किराणा दुकानातलं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, आपण सरबताला वापरतो तेच, अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे. त्यात जुना रुमाल भिजवून नळाला गुंडाळला आणि आंघोळीच्या आधी अर्धा तास सोडून दिला. रुमाल काढून नुसतं बोट फिरवलं तर पांढरा थर गाळासारखा हातावर आला. नऊ वर्षांत मी त्या नळाचा मूळ रंग पाहिला नव्हता. शॉवरला तेच पाणी भरलेली प्लॅस्टिकची पिशवी रबर बँडने बांधली, बंद पडलेली भोकं उघडली. नंतर सगळं साध्या पाण्याने धुऊन काढायचं, आणि ओट्याजवळ न्यायचं नाही, हे आता वेगळं सांगायला नको.

एक मात्र कळकळीने सांगतो. संडास साफ करायचं जे लिक्विड असतं त्यात आम्ल असतं. त्यावर ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच कधीही टाकू नका. दोन्ही जोरदार म्हणून जास्त स्वच्छ होईल असं वाटतं, पण त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो छातीला लागतो. मी डबा उघडून हातात घेतला होता. लेकीने नुकताच विज्ञानाचा धडा वाचला होता म्हणून निभावलं.

थर पुन्हा बसू नये म्हणून घरात एक नियम केला: शेवटी आंघोळ करणाऱ्याने वायपर मारून बाहेर यायचं. पाणी जागच्या जागी वाळलं नाही तर क्षार साठत नाही. लेक शेवटी आंघोळ करायचं टाळण्यासाठी आता लवकर उठते. हा फायदा अनपेक्षित.

फरशीचं कोडं मात्र जूनपर्यंत सुटलं नाही. रोज पुसूनही उन्हाच्या तिरीपीत पट्टे दिसायचे, पाय जरा चिकट लागायचे. मी फिनेल वाढवत गेलो. शेवटी लाज सोडून मावशींना फोन केला. बार्शीकडून आवाज आला, "पाणी किती येळा बदलता?" म्हटलं, एकदाच, शेवटी टाकून देतो. त्या हसल्या. "मग तुम्ही पुसत नाय दादा, हॉलमधली घाण बेडरूममध्ये नेऊन लावताय. मी तीन येळा बदलायचे. आन् फिनेल झाकणभरच. जास्त घातलं की चिकटतं, त्याच्यावर धूळ बसती." नऊ वर्षं त्या माझ्या समोर तीन वेळा बादली रिकामी करत होत्या आणि मी लॅपटॉपमधून मान वर करून कधी बघितलंच नव्हतं. आता स्वयंपाकघर, मग पाणी बदल, मग बेडरूम, मग बदल, हॉल शेवटी. पट्टे गेले. फरशीसुद्धा रोज नाही, दिवसाआड. स्वयंपाकघर तेवढं रोज.

वेळेवरून आईशी वाद झाला. मला रात्री नऊला, कॉल संपल्यावर, केर काढणं सोयीचं. आई म्हणे, दिवेलागणीनंतर केर काढला की लक्ष्मी जाते. मी एक-दोनदा दामटून काढला, ती दोन्ही वेळा जपमाळ घेऊन बसली. शेवटी तह झाला: संध्याकाळी सहाला, चहाच्या आधी. खरं सांगायचं तर उजेडात केर दिसतो तरी, रात्री ट्यूबलाइटखाली निम्मा राहायचा.

घटस्थापनेच्या आधी आमच्याकडे दसरा काढतात, म्हणजे घरभरची साफसफाई करतात. आई मूळची लातूरकडची. गोधड्या, पडदे, डबे, फडताळं, सगळं घर उलटं. दरवर्षी चार दिवस जायचे आणि पाचव्या दिवशी सगळे आजारी. यंदा दीड दिवसात आटोपलं, कारण कपाटांवरचे कागद नुसते बदलायचे होते आणि शोकेस जवळजवळ रिकामं होतं. गोधड्या मात्र खाली नेऊन मीच बडवल्या.

हरलो ते फक्त एका ठिकाणी, सरकत्या खिडक्यांच्या खाचेत. तिथली माती पावसाने घट्ट बसते. जुना टूथब्रश, स्क्रू-ड्रायव्हरला गुंडाळलेलं फडकं, सगळं करून पाहिलं, अर्ध्या खिडकीतच बोटं आखडतात. दिवाळीला मावशी येणार आहेत, नातवाला घेऊन. फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "ते मी कधी करतच नव्हते दादा, तुमच्या ध्यानात आलं नाय इतकंच."