हतनूर-गिरणासाठी होडी: पत्र्याची की फायबरची?

हतनूर किंवा गिरणा धरणात हौसेने गळ टाकायचा, तर अ‍ॅल्युमिनियमची होडी बरी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काळे खडक वर येतात. आपटल्यावर पत्र्याला पोचा पडतो, फायबरला तडा जातो. पत्रा 5052 किंवा 5083 ग्रेडचा (होड्यांसाठी वापरतात ते, कमी गंजणारे मिश्रधातू), तळाला निदान 3 मिमी. स्टीलचा बोल्ट थेट लावू नका. मध्ये नायलॉनचा वॉशर नसेल तर ओलाव्यात बोल्टभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. दुपारी पत्रा तव्यासारखा तापतो, बसायला गोणपाट ठेवा.

फायबरची डागडुजी घरी होते: तडा घासायचा, काचतंतूंची मॅट बसवायची, पॉलिएस्टर रेझिन भरायचं. पण जळगावच्या 44 अंशांत 2 टक्के हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) घातलं, तर रेझिन डब्यातच दगड! पहाटे, 1 टक्क्यावर काम करा.

लाकूड? अंगणात वाळून फटी पडणार.