टी लिहायचं, स म्हणायचं

फिजीतल्या ज्या विमानतळावरून इकडे यायचं विमान मिळतं त्याचं नाव स्पेलिंगप्रमाणे वाचलं तर नाडी, आणि तिथला माणूस म्हणतो नांदी, कारण फिजीयनमध्ये डी लिहिला की न्द म्हणायचं. तेव्हा मी हसले होते. पण ती खरंच नांदीच निघाली, नाटक पुढे होतं.

आम्ही आता किरिबातीत, सॉरी, किरिबासमध्ये राहतो. पॅसिफिकमध्ये विखुरलेली 33 बेटं, लोकसंख्या सगळी मिळून साधारण 1 लाख 20 हजार, आणि राजधानी दक्षिण तारावा म्हणजे एक चिंचोळी पट्टी, एका बाजूला समुद्र नि दुसऱ्या बाजूला लगून, म्हणजे बेटांच्या कड्यात अडलेलं उथळ पाणी. नवरा पाण्याच्या प्रोजेक्टवर, मला दिवसभर वेळच वेळ, म्हणून शेजारच्या बाईंकडे भाषा शिकायला जायला लागले. त्या शाळेत शिकवतात.

पहिल्याच दिवशी मी हुज्जत घातली. यांच्या लिपीत रोमन अक्षरं, तीही फक्त 13 (त्यात एन-जी हे जोडीने एक), आणि एस नाहीच. पण स म्हणतात! टीच्या पुढे आय आला की त्याचा स होतो, आणि शब्दाच्या शेवटी किंवा दुसऱ्या स्वराच्या आधी असेल तर तो आय बोलताना विरूनच जातो. म्हणून किरिबाती लिहून किरिबास. इथलं बंदर बेटिओ, म्हणायचं बेसो. कॅप्टन कुक 1777 साली नाताळच्या आदल्या दिवशी एका बेटाला पोचला म्हणून ते ख्रिसमस बेट, ते इथे लिहितात किरितिमाती, वाचून बघा आता नियम लावून, आलं ना ओळखू? देशाचं नावही तसंच, गिल्बर्ट्स या इंग्रजी नावाचा इथल्या तोंडात झालेला अवतार. ग नाही म्हणून क, ल नाही म्हणून र (आपल्या संस्कृतच्या बाईंचं रलयोरभेदः आठवलं, र नि ल एकच), आणि शेवटच्या एसचा टी-आय.

मी विचारलं, अहो मग सरळ एस का नाही घेतला? तर बाई म्हणाल्या, टीनंतर आय आला की होतंच तसं, त्यात काय.

ही लिपी बसवण्यात मोठा हात हायरम बिंगहॅम नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याचा. तो 1857 साली इथून जवळच्या अबाइआंग बेटावर आला, भाषा शिकला, आणि 1890 पर्यंत अख्खं बायबल भाषांतर करून मोकळा झाला. तेव्हा दीर्घ स्वर वेगळे दाखवायची पद्धत नव्हती, आता स्वर दोनदा लिहितात, पण सगळेच लिहितात असं नाही, त्यामुळे निरोपाचा शब्द कुठे तियाबो असा एकत्र दिसतो तर कुठे ती आ बोओ असा सुटा. अर्थ, आपण भेटूच. आणि म्हणायचं अर्थातच साबो.

गोव्यातल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही म्हणा. क्यू-यू-ई-पी-ई-एम लिहून केपें वाचणारी माणसं तुम्ही, नि श साठी एक्स!

मी आपली वही देवनागरीत करते. इथे एक जुनी उधारी फिटली, ती ङ ची. शाळेत क ख ग घ ङ म्हणताना हा शेवटचा कशाला ठेवलाय असं वाटायचं, वाङ्मय सोडलं तर भेट नाही. इथे तो शब्दाच्या सुरुवातीलाच येतो! मी म्हणजे ङाइ. तू म्हणजे ङ्कोए. आठवडाभर मी नाइ नाइ करत होते नि बाईंची मुलगी लोळून हसत होती.

शब्दही मजेशीर आहेत. कुत्रा म्हणजे ते कामेआ, कारण गोरे लोक कुत्र्याला कम हिअर, कम हिअर करायचे, यांना वाटलं तेच त्याचं नाव. ते हे नामाआधी लागतं. माडाची पोय, म्हणजे फुलोरा, कापून सकाळ-संध्याकाळ उतरवतात ते गोड ताजं ते कारेवे, आणि आंबवलं की ते काओकिओकी, म्हणजे आमच्या वेंगुर्ल्याची माडीच, पण यावर वेगळी पोस्ट लिहीन.

तर परवा त्याच मुलीला मराठी शिकायचं होतं. दहा वर्षांची आहे, ऐकायला भारी तिखट. मी वहीत लिहून दिलं, माझा, माझी. वाचून दाखवलं. तिने दोन्ही शब्दांतल्या झ वर बोट ठेवलं, चित्र तर एकच आहे, मग तू दोनदा वेगळं का म्हणालीस? मी पुन्हा म्हणून बघितलं. माझा. माझी. खरंच की, पहिल्यात जीभ दातांमागे, दुसऱ्यात वर टाळ्याला! चाळीस वर्षं मराठी बोलतेय, कधी लक्षातच नव्हतं आलं. मग डोक्यात रांगच लागली, मासा पण माशाचा, पैसा पण पैशाचा, तिथे तर आपण अक्षरसुद्धा बदलतो, आणि माझीला मात्र झ तसाच ठेवलाय.

पोरगी उत्तराची वाट बघत होती, आणि मागे दारात तिची आई उभी.

मी म्हटलं, ई आली की होतंच तसं, त्यात काय.