निळी ज्योत जप्त, पिवळी पास

मंडळी, दिवाळीनंतर अमेरिकेतून, डेन्व्हरहून, नाशिकला यायला निघालो आणि विमानतळावरच्या तपासणीत माझा जेट लायटर काढून घेतला. निळी, सरळ ज्योत आणि फुस्स आवाज, तो. त्याच खिशात पिवळ्या ज्योतीचा साधा लायटर होता. तपासणाऱ्या बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि हसून परत दिला. मी म्हटलं, दोन्हींत गॅस तोच, ब्यूटेन. मग याला सूट का? त्या म्हणाल्या, नियम आहे. मागचा माणूस बूट हातात घेऊन उभा होता, मी पुढे सरकलो.

अमेरिकेचा नियम खरोखर तसा आहे. साधा लायटर एक, जवळ ठेवून चालतो. जेट लायटर हँडबॅगेतही नाही आणि चेक-इनच्या बॅगेतही नाही. सेफ्टी मॅचचं एक पाकीट खिशात चालतं, बॅगेत टाकलं तर नाही. कुठेही घासून पेटणाऱ्या काड्या तर दोन्हीकडे बंद. म्हणजे एका देशाच्या सुरक्षा खात्यानं बसून ज्योतींची प्रतवारी लावली आहे. परतीच्या वाटेवर आपल्याकडे सगळ्यांना एकच न्याय: हँडबॅगेत लायटर नाही, काडीही नाही. मला आपला नियम जास्त पटतो. तो निदान वाद घालायची आशा लावत नाही.

आता खुलासा, खिशात दोन-दोन लायटर कशाला याचा. हो, मी सिगार ओढतो. महिन्याकाठी एखादी, तीही डेन्व्हरला गेल्यापासून. आई हा ब्लॉग वाचत नाही असं मी धरून चाललोय. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून ती निरुपद्रवी, ही दुकानदारांची थाप आहे. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कॅन्सर तिनंही होतो. हे माहीत असून ओढतो, तेव्हा खाली उपदेश लिहू नका. तुमच्यातले निम्मे जण कॉलेज रोडला टपरीवर काय करतात हे मला ठाऊक आहे.

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल उंच, १,६०९ मीटर. आपलं नाशिक सुमारे ६०० मीटरवर, त्यातही आपण थंड हवेचा केवढा टेंभा मिरवतो. कोलोरॅडोत २००६ पासून हॉटेल-बारमध्ये धूम्रपानाला बंदी आहे. परवाना असलेले सिगार बार सोडले तर माणूस आपल्या मागच्या अंगणातच बसतो, जॅकेट घालून, वाऱ्यात. आणि तिथे प्रत्येकाच्या हातात जेट लायटर. एका ज्योतीचा, दोन ज्योतींचा, तीन, चार. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडचा लायटर पाहून मला वाटलं, यानं हा माणूस गेट वेल्ड करेल.

या जेटबद्दल मला बरंच बोलायचंय, कारण तिकडे बोललं की लोक मागासलेला समजतात. त्यात गॅस बारीक छिद्रातून जोरात सुटतो, वाटेतच हवा ओढून घेतो आणि तिच्यात मिसळून मग जळतो. म्हणून ज्योत निळी, टोकदार आणि वाऱ्याला न जुमानणारी. घरच्या शेगडीचंही हेच तंत्र आहे. आच पिवळी पडायला लागली की आई बर्नरची भोकं सुईनं साफ करते, कारण हवा नीट मिसळत नाहीये हे तिला रंगावरून कळतं. साध्या लायटरमध्ये, काडीत, समईत जळण आधी बाहेर येतं आणि भोवतालची हवा मिळेल तशी घेत जळतं. काजळीचे बारीक कण तापून उजळतात, तो पिवळा रंग. ही ज्योत वाऱ्यानं हलते, विझते, पण तिची ऊब पसरट आणि मऊ असते.

सिगारला मऊच हवी. पेटवायची रीत अशी, की टोक ज्योतीत घालायचं नाही. ज्योतीच्या जरा वर तिरकं धरायचं, सावकाश फिरवायचं, कडा सगळीकडून सारखी करपू द्यायची. मग ओठात धरून, पुन्हा फिरवत, दोन-चार हलके झुरके. जेटची सगळी उष्णता एका ठिपक्यावर येते. हात एक क्षण जास्त थांबला की तिथलं पान कोळसा होतं आणि पहिला अर्धा इंच कडू लागतो. शिवाय भर उन्हात निळी ज्योत दिसतच नाही. डेन्व्हरचं ऊन म्हणजे डोळे दिपवणारं. लोक ज्योत कुठे संपते याचा अंदाज घेत बसतात आणि बोट भाजून घेतात. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे गॅस-हवेचं प्रमाण बिघडतं आणि जेट फुरफुरून विझतं, पुन्हा खटखट, पुन्हा खटखट. हे सगळं माहीत असूनही त्यांना जेटच हवं, कारण ते भारी दिसतं.

त्यांची बाजूही सांगतो, उगाच एकतर्फी नको. वाऱ्यात जेटला पर्याय नाही. जाड सिगारला ते सोयीचंच पडतं. सिगारची जाडी तिकडे इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात, म्हणजे ६० ची सिगार जवळपास २४ मिलिमीटर जाड. एवढं टोक पिवळ्या ज्योतीनं सारखं पेटवायचं तर संध्याकाळ जाते. मध्येच एक बाजू मागे राहिली तर तेवढ्याच जागी निळी ज्योत लांबून दाखवता येते. थंडीची मात्र दोघांनाही सारखीच खोड. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं, त्याखाली ते द्रवच राहतं, वायू सुटत नाही. बर्फ पडलेल्या दिवशी लायटर मुठीत धरून गरम करावा लागतो, मग तो शंभर डॉलरचा असो की एक डॉलरचा.

सगळ्यात सुंदर पेटवणं मी पाहिलं ते आमच्या शेजाऱ्यांकडे. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, रेल्वेतून निवृत्त. सिगारच्या खोक्यात लाकडाचे पातळ पापुद्रे येतात, ते जपून ठेवतात आणि चिरून लांब पट्ट्या करतात. पट्टी मेणबत्तीवर पेटवायची आणि तिच्यावर सिगार. मेणबत्ती थेट लावायची नाही, मेणाचा वास बसतो. पेट्रोलच्या लायटरलाही ते याच कारणानं नाक मुरडतात. एका रविवारी कुंपणावरून त्यांनी पट्ट्यांचा जुडगाच माझ्या हातात दिला, काही न मागता. त्या लाकडाला ते सीडर म्हणतात, पण ते खऱ्या देवदाराच्या घराण्यातलं नाही. वनस्पतीशास्त्रात ते आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं आहे. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. मी जरा जास्तच खूश झालो.

तर, नाशिक. गंगापूर रोडला मित्राच्या गच्चीवर बसलो होतो. निफाडकडे पारा एक आकडी गेल्याची बातमी होती, म्हणजे पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटणार, धूर करून वेलींना थंडीपासून सांभाळायला. मित्राचे मामा सिन्नरहून आले होते. सिन्नर म्हटल्यावर तुम्हाला सांगायला नको, तिथे पिढ्यान्‌पिढ्या घरोघर विड्या वळल्या गेल्या. मामांची आई वळायची. तेंदूपत्ता ओला करायचा, कातरीनं कापायचा, तंबाखू भरून वळायचा, दोरा बांधायचा, आणि हे सगळं घरातली कामं उरकता उरकता. तंबाखूची धूळ नाकातोंडात जायची ती वेगळीच.

मी सिगार काढल्या. पिवळ्या लायटरमधला गॅस प्रवासातच संपत आला होता, दोनदा चमकला आणि गेला. मित्र म्हणाला, खाली टपरीवरून घेऊन येतो. वीस रुपयांखालचे लायटर परदेशातून आणायला २०२३ मध्ये बंदी झाली, तेव्हापासून टपरीवर काय मिळेल याचा भरवसा नाही. मामांनी खिशातून काडेपेटी काढली.

“एवढ्यासाठी खाली कशाला जायचं?”

“मामा, काडीनं लावली की गंधकाचा वास येतो म्हणतात,” मी म्हटलं.

“कोण म्हणतं?”

“तिकडे. सगळेच.”

“त्यांना काडी लावता येत नसेल. गुल जळून जाऊ दे की आधी. मग लाकूड पेटतं, त्यावर लाव. विडीलासुद्धा घाई केली की तोंड कडू होतं.”

मंडळी, डेन्व्हरच्या दुकानात लांब काड्यांची नक्षीदार पेटी घेताना दुकानदारानं मला हेच, याच क्रमानं, खूप गंभीर चेहऱ्यानं शिकवलं होतं. गुलात गंधक असतं, पोटॅशियम क्लोरेट असतं. लाल फॉस्फरस पेटीच्या कडेच्या पट्टीवर असतो, म्हणून ती काडी पेटीवरच पेटते. पहिला भपका जाऊ द्यायचा आणि मग शांत लाकडी ज्योत वापरायची. त्यानं त्या पेटीचे जे पैसे घेतले त्यात मामांच्या आयुष्यभराच्या काड्या आल्या असत्या. आपल्याकडे शिवकाशी-कोविलपट्टीची पेटी १ डिसेंबर २०२१ ला एक रुपयाची दोन रुपये झाली, चौदा वर्षांनी, आणि तेवढ्यावर पेपरात बातम्या आल्या होत्या.

गच्चीवर वारा होताच. मामांनी काडी ओढली ती अंगाकडे, दोन्ही तळवे मिटत आणले आणि आत ज्योत स्थिर. मी सिगार फिरवत होतो, ते काडी फिरवत होते. पहिली बोटापाशी आली की दुसरी तिच्यावरच पेटवायचे, पेटीवर घासायचेच नाहीत, म्हणजे ज्योत मध्ये तुटायला नको. हे मला कुणी दुकानात सांगितलं नव्हतं. कडा सगळीकडून सारखी लागली. चार ज्योतींच्या त्या वेल्डिंगपेक्षा सारखी, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, आणि डेन्व्हरच्या मंडळींना मराठी येत नाही म्हणून जरा मोठ्यानं सांगतो.

मामांनी स्वतः अर्धी ओढली. चव बरी आहे म्हणाले, विडीला झणका असतो तो हिला नाही म्हणाले, आणि मग किंमत विचारली. मी डॉलरमध्ये सांगून निसटायला बघत होतो, पण मित्रानं रुपये केले. मामांनी त्याची विडीची बंडलं केली. कुणीच काही बोललं नाही थोडा वेळ. मी म्हटलं, तिकडे पगारही त्या मानानं असतात. ते खरं आहे, पण त्या गच्चीवर ते वाक्य टाकायला नको होतं असं मित्राच्या चेहऱ्यावरून वाटलं. माझं अजूनही म्हणणं आहे की ते खरं आहे.

सिगार कशानं पेटवावी असं ज्यांनी इनबॉक्सात विचारलंय त्यांच्यासाठी माझा कौल लिहून ठेवतो. बंद खोलीत किंवा वारा पडलेला असेल तर काडी किंवा लाकडाची पट्टी. घाई असेल तर पिवळा लायटर. मोकळ्यावर वारा असेल आणि सिगार जाड असेल तरच जेट, तेही एका ज्योतीचं आणि इंचभर लांबून. पेट्रोलचा लायटर सिगारेटवाल्यांना देऊन टाका. आणि मोकळ्या वाऱ्यात काडी वापरायची हौस असेल, तर आधी सिन्नरच्या कुणाकडून तरी तळवे कसे मिटायचे ते शिकून घ्या; मला दोन संध्याकाळी प्रयत्न करूनही नीट जमलेलं नाही, मामा फेब्रुवारीत लग्नाला परत येणार आहेत.