कुळांचा मनोरा

मेलरोजच्या पडक्या मठाच्या छपराशी एक दगडी डुक्कर बसलंय आणि ते बॅगपाइप वाजवतंय. लेकीनं बोट करून दाखवलं तरी मला आधी दिसेचना. मग दिसलं, आणि जीव हरखला. सहाशे वर्षांपूर्वी कुणा पाथरवटाला देवाच्या घरावर हे कोरावंसं वाटलं आणि कुणी त्याला अडवलं नाही. याच मठात रॉबर्ट द ब्रूस राजाचं हृदय पुरलेलं आहे, त्यावरचा दगडही पाहिला, पण वाटेला लागताना डोळ्यांपुढे होतं ते डुक्कर.

स्कॉटलंडमधल्या मेलरोजपासून इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या लिंडिसफार्न बेटापर्यंत जाणारी ही सेंट कथबर्टची वाट, सुमारे 100 किलोमीटरची. आजच्या रूपात ती 1996 साली आखली गेली, पण संत सातव्या शतकातला. डोंगरात मेंढ्या राखणारा हा पोर 651 साली इथल्या जुन्या मठात दाखल झाला आणि 687 साली समुद्रातल्या एका खडकाळ बेटावर त्यानं देह ठेवला. मेंढ्या राखणारा संत म्हटल्यावर मला तो परका वाटलाच नाही. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर मी तीनदा पंढरपूरला गेले आहे. लेक एडिंबरात नोकरीला. तिनं सात दिवसांची सुट्टी काढली आणि मे महिन्यात आम्ही दोघी निघालो. पाठीवर पिशव्या, माझ्या खिशात बुक्क्याची डबी.

वारीत वाट कशी दिसते हे मला विचाराल तर सांगता येणार नाही. वारीत वाट दिसतच नाही. दिसतात त्या पुढच्याच्या टाचा, बाईच्या डोक्यावरचं तुळशीवृंदावन आणि पताका. कुठे वळायचं, कुठे थांबायचं ते पायांना आपोआप कळतं, कारण हजार पाय तिकडेच वळत असतात. इथे तसलं काही नव्हतं. खांबांवर कथबर्टच्या क्रुसाची छोटी खूण, दोन्ही बाजूंना रचलेल्या दगडांचे गडगे, आत मेंढ्या आणि महिन्या-दीड महिन्यांची कोकरं. एका फाटकापाशी चारचाकी मोटारसायकलवरून एक शेतकरीण आली, मागे कुत्रा बसलेला. यात्रेला निघालोय म्हटल्यावर तिनं विचारलं, "तुमच्या मागे अजून किती जण आहेत?" फाटकं उघडी राहिली तर कोकरं बाहेर पडतील, म्हणून विचारत होती. दोघीच, म्हटलं. ती हसली आणि फाटक नीट लावायला सांगून गेली. तिच्या रानातून चालायला आम्हाला तिची परवानगी लागत नव्हती. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या जमीन सुधारणा कायद्यानं कुणालाही, पिकाची आणि जनावरांची काळजी घेऊन, रानातून चालायचा हक्क दिला आहे. हा कायदा मला फार आवडला.

माणसं नसली की नजर क्षितिजाकडे जाते आणि तिथे जे काही उभं असेल त्याला धरून राहते. आणि या शेतीच्या मुलखात टेकाडाटेकाडांवर काही ना काही उभं केलेलं आहे. पहिल्या दिवशी आयल्डनच्या टेकड्यांमधली खिंड ओलांडून आम्ही ट्वीड नदीच्या काठाला लागलो आणि ड्रायबर्गच्या झुलत्या पुलावरून वाट सोडून पलीकडे गेलो. तिथे एका टेकाडावर झाडांत खांबांचं एक गोल देऊळ आहे. आत देव नाही. इथून जवळच्या एडनम गावात 1700 साली जन्मलेला जेम्स थॉमसन हा ऋतूंवर कविता लिहिणारा कवी होता, त्याच्या स्मरणार्थ बकनच्या अर्लनं, म्हणजे इथल्या एका मोठ्या जमीनदारानं, 1817 साली ते बांधलं. आता आत चार ऋतूंच्या चार मूर्ती आहेत, शिवोन ओ'हेयर या शिल्पकर्तीनं घडवलेल्या, 2002 साली बसवलेल्या. कवीचं स्मारक म्हणून त्याची कविताच उभी करायची, ही कल्पना मला एकदम पटली. शेताच्या कडेला, जिथे ऋतू खरोखर मोजले जातात तिथे.

तिथून थोडं वर, बेमरसाइडच्या रानात, त्याच अर्लनं 1814 साली विल्यम वॉलेसचा, म्हणजे इंग्रजांशी लढलेल्या स्कॉटिश वीराचा, पुतळा उभारला. स्कॉटलंडमधला वॉलेसचा हा पहिला पुतळा. तांबड्या वालुकाश्मातला, दोन-तीन मजली घराएवढा, हातात माणसाहून लांब तलवार, आणि नजर ट्वीडच्या खोऱ्यावर. तो घडवणारा जॉन स्मिथ मेलरोजजवळच्या डार्निक गावचा. म्हणजे दगड इथलाच आणि हातही इथलेच. दगड जागोजाग खरबरीत झालाय, शेवाळाच्या करड्या-हिरव्या चकत्या पडल्यात. मी बराच वेळ खालून पाहत राहिले. चेहऱ्यात फारसं कौशल्य नाही, डोळे मोठे आणि अवघडलेले. पण डार्निकच्या माणसानं आपल्याच मुलखातल्या टेकडीवर आपला वीर केवढ्या थोरल्या मापात उभा केला! त्या मापातच त्याची माया दिसते.

दुसरा दिवस मात्र मला जन्मभर पुरेल.

सकाळी मॅक्सटनपासून पुढे वाट डियर स्ट्रीटला लागते. हा रोमन सैन्यानं बांधलेला रस्ता, आता गवताचा पट्टा, दोन्ही बाजूंना झाडांची रांग आणि पिवळीधमक फुललेली शेतं. रस्ता असा सरळ की वाकणंच माहीत नाही. त्यात धुकं उतरलं. दहा पावलांवरची लेक दिसेना. तिच्या पिशवीला लावलेला पेला हलला की वाजायचा, त्या आवाजावर मी चालत होते. तेवढ्यात उजवीकडे एक चौकोनी दगडी कट्टा दिसला. लिलियर्डची समाधी. 1545 साली इथे अँक्रमच्या माळावर स्कॉट आणि इंग्रज लढले. दंतकथा अशी की लिलियर्ड नावाची एक तरुणी त्या लढाईत उतरली आणि दोन्ही पाय तुटले तरी गुडघ्यांवर लढत राहिली. दगडावर चार ओळींचा पद्यलेख आहे, खेड्याच्या बोलीतला. लेक वाचत गेली आणि मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. इतिहास काय असेल तो असो. रानाच्या मध्यावर, जिथे गाडी येत नाही तिथे, ही समाधी लोकांनी पुन्हापुन्हा नीट करून ठेवली आहे. मी बुक्क्याची डबी काढली, कपाळाला लावला, तिला हात जोडले.

उठले तोवर धुकं फाटलं होतं. आणि समोर, दोन-तीन टेकड्यांपलीकडे, एक मनोरा उभा. एकटा. भोवती घर नाही, झाड नाही, नुसता डोंगर आणि त्यावर बोटासारखा सरळ मनोरा. दिंडीत पुढची पताका दिसावी तसं झालं. लेक म्हणाली, "आई, तो वॉटर्लूचा मनोरा. वाटेवर नाही, पण जायचं का?" माझ्या टाचेला फोड आला होता. तरी जायचं म्हटलं.

पेनिएलह्यू असं त्या टेकडीचं नाव. उंची 237 मीटर, पण चढ छातीवरचा. आधी झाडी, मग मेंढ्यांनी कुरतडलेलं आखूड गवत, आणि वारा असा की बोललेलं कानात ठरेना. मनोरा 150 फुटांचा, आर्चिबाल्ड एलियट या वास्तुकारानं आखलेला, काळसर दगडाचा, वर लाकडी सज्जा. 18 जून 1815 ला वॉटर्लूची, वेलिंग्टननं नेपोलियनला हरवलं ती, लढाई झाली, आणि पुरे दोन आठवडे व्हायच्या आत इथे स्मारक अर्पण केल्याची तारीख पडली. पहिलं बांधकाम 1816 साली कोसळलं. मग 1817 ला पुन्हा हात घातला तो 1824 ला पुरा झाला. दार बंद होतं. भिंतीवर लेख कोरलेला. वाऱ्याला पाठ देऊन लेकीनं तो मला मराठीत करून सांगितला: ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि ब्रिटिश सैन्याला लोथियनचे सहावे मार्क्विस विल्यम कर आणि त्यांचे... इथे ती अडली. "टेनन्ट्री म्हणजे भाडेकरू ना गं?"

"भाडेकरू नाही," म्हटलं, "कुळं."

तो शब्द तोंडातून निघाला आणि मी तिथेच गवतावर बसले. आमचं आजोळ भोकरदनच्या बाजूचं. माझे आजोबा कूळ होते. दुसऱ्याची जमीन कसायची, धान्य मापून द्यायचं, उरेल ते आपलं. हैदराबाद संस्थानातून सुटल्यावर 1950 च्या कूळकायद्यानं त्यांच्या नावावर तीन एकर झाली, आणि सातबारावर आपलं नाव आल्याचं ते मरेपर्यंत सांगत. कुळं हा शब्द मी घराबाहेर, असा दगडात कोरलेला, पहिल्यांदा ऐकला. तोही कुठे, तर स्कॉटलंडच्या डोंगरावर.

आणि ज्याला हा मनोरा अर्पण केला तो वेलिंग्टन तरी कोण? 23 सप्टेंबर 1803 ला तो आमच्याकडे होता. तेव्हा त्याचं नाव आर्थर वेलस्ली. आजोळपासून जवळच असई गाव. तिथे केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजेशी तो लढला आणि जिंकला. आपल्या साऱ्या लढायांत असईचीच कामगिरी सर्वांत चांगली, असं तो पुढे म्हणत असे, असं सांगतात. त्याच्या सैन्यात 74 वी आणि 78 वी अशा दोन हायलँडर, म्हणजे स्कॉटिश, पलटणी होत्या. मराठ्यांच्या तोफांपुढे 74 वी पलटण जवळजवळ संपली. एसटीतून त्या बाजूला जाताना मामा खिडकीतून हात करायचा आणि एवढंच म्हणायचा, "इथं लढाई झाली." पुढे बोलायचा नाही. कपाशी आणि मका दिसायचा, बस्स.

लेकीला हे मी पहिल्यांदाच सांगत होते. ती म्हणाली, "म्हणजे हा मनोरा आपल्याविरुद्धचा?" मला तसं म्हणवेना. वेलिंग्टनबद्दल मला माया नाही, मार्क्विसबद्दलही नाही. पण हे 150 फूट दगड टेकडीवर मार्क्विसनं वाहिलेले नाहीत. पहिलं बांधकाम ढासळल्यावर तेच दगड पुन्हा रचायला मार्क्विस उभा राहिला नाही. शेतं कसणाऱ्या, घोडे हाकणाऱ्या, दगड घडणाऱ्या माणसांचं ते काम. सरदाराचं नाव, पदवी, क्रमांकासकट. कुळांचा फक्त एक शब्द. तरी तो एक शब्द त्यांनी कोरला. असईच्या रानात पडलेल्या आमच्या आणि त्यांच्या शिपायांपैकी कितीजणांना तेवढाही मिळाला? मी उठून भिंतीला तळवा टेकवला. दगड बर्फासारखा गार होता. आजोबांचं नाव घेतलं. लेकीनं काही विचारलं नाही, माझ्या शेजारी तिनंही हात ठेवला.

त्यानंतरचे दिवस भराभर गेले. टेविऑट नदीवरचा लाकडी फळ्यांचा पूल, सेसफर्डचा पडका वाडा, शेविअट टेकड्यांची मऊ पाठ. गावागावांत पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचे स्तंभ. मॉरबॅटलला त्यापुढे मी थांबले आणि नावं मोठ्यानं वाचली. आपल्याकडेही कित्येक गावांच्या वेशीत, चावडीत संगमरवरी पाटी असते, या गावातून इतके जण 1914-19 च्या युद्धाला गेले आणि इतके परत आले नाहीत. आपल्या पाटीवर आकडा असतो. इथे नावं होती. चांगलं वाटलं आणि पोटात कालवलंही. चौथ्या दिवशी वाइडओपन टेकडीवर, 368 मीटरवर, वाटेचा सर्वांत उंच टप्पा आला. मागे वळून पाहिलं तर लांब, काडीएवढा, तो मनोरा. लेक म्हणाली, "तुझी कुळं अजून दिसतायत." पलीकडे उतरलो, कर्क येथॉम गाव सोडलं, डोंगरावरच्या एका भिंतीत स्कॉटलंड संपलं.

शेवटी समुद्र. भरती ओसरल्यावर बेटाकडे जाणारी वाळू उघडी पडते आणि तिच्यावर एका ओळीत खांब रोवलेले आहेत, ते धरून चालायचं. वेळेचा तक्ता पाहूनच उतरावं लागतं. बूट गळ्यात अडकवून, चिखलात घोट्यापर्यंत बुडत आम्ही गेलो. चंद्रभागेत उतरल्यासारखे पाय गार पडले आणि फोडाची आग शमली.

बेटावरच्या सेंट मेरी चर्चमध्ये फेनिक लॉसन यांचं लाकडी शिल्प आहे. कथबर्टच्या मृत्यूनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी, 875 साली, समुद्री चाच्यांच्या धाकानं इथले साधू त्याची शवपेटी खांद्यावर घेऊन निघाले आणि वर्षानुवर्षं उत्तर इंग्लंडमध्ये हिंडत राहिले. तेच हे सहा साधू, एल्मच्या ओबडधोबड लाकडात कोरलेले, खांद्यावर पेटी. करवतीचे घाव तसेच ठेवलेत. लाकूड जागोजाग उकललंय. जवळ गेलं की चेहरे धड लागत नाहीत, लांबून ओझं लागतं. त्या सहांतल्या कुणाचंही नाव तिथे मला दिसलं नाही.

चर्चमध्ये आम्ही दोघीच होतो. माझ्या तोंडून हळूच "ज्ञानोबा माउली तुकाराम" निघालं. लेक त्या सहांच्या मागे जाऊन उभी राहिली, मी तिच्या मागे, दिंडीत उभं राहतात तसं.