हौशी खगोल मंडळातलं माझं पहिलं वर्ष

पुस्तकं वाचून आणि मोबाइलवरची अ‍ॅप्स लावून मी फार तर गुरू आणि शुक्र ओळखू शकत होते. अ‍ॅप नाव सांगतं, पण फोन खाली ठेवला की तोच तारा पुन्हा सापडत नाही. शेजारी उभं राहून बोटाने दाखवणारं माणूस हवं, हे मला मनापासून वाटत होतं. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करते आहे, पण दर वेळी साताऱ्याहून पुण्याला जाणं नोकरी आणि घर सांभाळून जमणारं नव्हतं. मग आमच्याच भागात हौशी मंडळींचा एक गट आहे असं कळलं आणि २०२४ च्या दिवाळीनंतर मी त्यांच्या बैठकीला गेले.

सभासद होणं अगदी सोपं होतं. एक फॉर्म, वर्षाची वर्गणी, फोनवरच्या गटात नाव. मला महत्त्वाचे वाटले ते त्यांनी विचारलेले प्रश्न. घराच्या गच्चीवरून कोणती दिशा मोकळी आहे? रस्त्याचा दिवा कुठे येतो? चष्मा आहे का? मी विचारलं, दुर्बीण कोणती घेऊ? मंडळातले सगळ्यांत ज्येष्ठ काका म्हणाले, "ताई, एक हिवाळा थांबा. आमच्या दुर्बिणी आहेतच. आधी डोळ्यांनी आकाश पाठ करा." हा सल्ला मी येणाऱ्या प्रत्येकाला देते, कारण दुकानदार तो देत नाही.

माझ्या मनात आणखी एक प्रश्न होता आणि तो बहुतेक बायकांच्या मनात असतो. रात्रभर उघड्यावर थांबायचं, तर सोबत कोण, जायचं कसं, स्वच्छतागृह आहे का? मी तो सरळ विचारला. निरीक्षण ठोसेघरच्या रस्त्यावरच्या एका गावातल्या शाळेच्या मैदानात होतं, शाळेतली सोय उघडी ठेवत, आणि येणाऱ्यांत आधीपासून बायका होत्या. एवढं कळल्यावर घरच्यांनाही सांगता आलं. मंडळांनी ही माहिती कोणी विचारण्याआधीच द्यायला हवी.

अमावास्येजवळच्या शनिवारी निघायचं. सतरंजी, स्वेटर, कानटोपी, चहाचा थर्मास. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावलेला, मोबाइल खिशात, गाडीचे दिवे मैदानाबाहेरच बंद. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि कोणी एकदा पांढरा प्रकाश पाडला की ती सगळी मेहनत वाया जाते. हा नियम तिथे कडक आहे, आणि तसाच असावा.

मग सतरंजीवर आडवं होऊन पाठांतर सुरू. मृगाचे चार पाय, मध्ये बाणाचे तीन तारे. ती रेघ एका बाजूला वाढवली की व्याध, दुसऱ्या बाजूला रोहिणी, आणखी पुढे कृत्तिका. ध्रुव शोधायला शर्मिष्ठा या तारकासमूहाचा आधार, कारण हिवाळ्यात संध्याकाळी सप्तर्षी अजून उगवलेले नसतात. काकांनी हात लांब करून मूठ धरायला लावली. ताठ हाताच्या टोकाची मूठ आकाशात साधारण दहा अंश व्यापते. ध्रुव क्षितिजापासून जेमतेम दोन मुठींच्या आत सापडला, कारण साताऱ्याचा अक्षांश १७.७ च्या आसपास आहे आणि ध्रुवाची उंची जवळपास अक्षांशाएवढीच असते. मग दक्षिणेकडे वळवून अगस्त्य दाखवला. सगळ्यांत उंच आला तरी तोही आपल्याकडून वीस अंशांपर्यंतच चढतो. उत्तरेला ध्रुव, दक्षिणेला अगस्त्य, दोघे जवळजवळ सारख्या उंचीवर! आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत हे मला त्या रात्री अंगाने कळलं.

त्या हिवाळ्यात गुरू रोहिणीच्या जवळ होता. नव्या सभासदांना काम होतं, दर आठवड्याला वहीत रोहिणी, वृषभाची शिंगं आणि गुरू यांची जागा काढायची. दुर्बीण नाही, काही नाही, पेन्सिल आणि डोळे. जानेवारीभर गुरू पश्चिमेला सरकताना दिसला, फेब्रुवारीच्या सुरुवातीला थबकला आणि मग पूर्वेला निघाला. पंचांगात 'वक्री' वाचून घाबरणारी माणसं माझ्या नात्यात आहेत. त्यांना मी ती वही दाखवते. आतल्या कक्षेतून वेगाने जाणारी पृथ्वी गुरूला मागे टाकते, तेवढ्या काळात तो मागे सरकल्यासारखा दिसतो. ग्रह उलटा फिरत नाही आणि कोणाचं काही बिघडवत नाही.

पुढे दहा बाय पन्नासची द्विनेत्री हातात आली, आणि नंतर आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण. तिला मोटर नाही, ताऱ्यांच्या खुणांवरून स्वतः वाट काढायची. मृगातला तेजोमेघ लगेच मिळाला. देवयानी दीर्घिकेचा मात्र मधला उजेडच आधी दिसतो. तिच्याकडे थेट न बघता किंचित बाजूला नजर ठेवली, की तो फिकट लांबट पट्टा पसरत जातो. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आहे तो. एप्रिलमध्ये त्रिशंकू आणि मध्यरात्रीच्या सुमारास ओमेगा सेंटॉरी पाहिला, लाखो ताऱ्यांचा गोलाकार गुच्छ. युरोपात बहुतेकांना तो घरून दिसतच नाही. आपलं दक्षिणेचं आकाश फार श्रीमंत आहे, हे आपल्याला कोणी सांगत नाही.

जून ते सप्टेंबर आकाश बंद. ७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण रात्री अकरा ते बारा-वीसच्या सुमारास होतं आणि आम्ही ढगांच्या फटी शोधत जागलो. पण माझ्यासाठी तो पावसाळा दुर्बिणीचा आरसा घासण्याचा होता. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत हौशी लोकांसाठी दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा होत आल्या आहेत, आणि आमच्या मंडळातले एक सर ही विद्या शिकलेले. सहा इंची काचेच्या दोन चकत्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी, वरची चकती पुढे-मागे ढकलायची, थोडी फिरवायची, स्वतः चकत्या ठेवलेल्या पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. एवढ्यानेच वरच्या चकतीत खळगा आणि खालच्या चकतीत फुगवटा तयार होतो. आमच्या आरशाचं नाभीय अंतर बाराशे मिलिमीटर, म्हणजे मधला खळगा जेमतेम सव्वा मिलिमीटरचा. पूड बारीक करत जायचं, दर वेळी सगळं धुऊन काढायचं, कारण जाड पुडीचा एक कण राहिला तरी ओरखडा पडतो. शेवटी डांबरासारख्या पिचच्या थरावर सेरियम ऑक्साइडने पॉलिश. मग फुको चाचणी: एका बारीक छिद्रातून उजेड आरशावर टाकायचा, परत येणारा किरण पात्याने कापायचा आणि आरशावर पडणाऱ्या सावल्या वाचायच्या. तिथे मिलिमीटरच्या सात हजाराव्या भागाएवढी चूक मोजायची असते. घरगुती टेबलावर, हाताने घासलेल्या काचेत! आरशावर नुसता अंगठा टेकवून ठेवला, तर त्याच्या उबेने आलेला उंचवटा चाचणीत दिसला. सावल्या वाचणं मला अजून पक्कं जमत नाही, सर शेजारी लागतात. आरसा आता अ‍ॅल्युमिनियमचा थर चढवायला पाठवला आहे.

पाऊस संपल्यावर गावकऱ्यांसाठी आकाशदर्शन झालं आणि मला पहिल्यांदा दुर्बिणीपाशी उभं केलं. शनीची कडी त्या वर्षी जवळजवळ कडेवरून दिसत होती, नुसती रेघ. मुलं म्हणाली, चित्रात असतं तसं नाही. मग शनी आणि त्याची कडी कशी कलते हे हातात ताटली धरून दाखवलं. एका आजींना सप्तर्षी माहीत नव्हते, पण बाज आणि तिच्यामागचे तीन चोर माहीत होते. तिकांडं, म्हणजे मृगातले ते तीन तारे, कुठवर आलं यावरून त्या पहाटेची वेळ सांगायच्या. मंडळाने ही नावं गावोगाव लिहून घ्यायला हवीत, असं मी बैठकीत मांडलं आणि ते काम माझ्याकडे आलं.

सध्या मी ययाती तारकासमूहातल्या अल्गॉल या ताऱ्याची नोंद ठेवते. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याचा अंधूक जोडीदार समोर येतो आणि अल्गॉल २.१ प्रतीवरून ३.४ पर्यंत मंदावतो. प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तसा तारा मंद. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून दर पंधरा मिनिटांनी प्रत लिहायची. हे गच्चीवरूनही होतं आणि दुर्बीण लागत नाही. यायचं असेल तर अमावास्येच्या आसपासचा शनिवार मोकळा ठेवा, कानटोपी आणा आणि टॉर्चला लाल कागद लावा.